ग्राफिक्स कार्डावर संशय आहे? आधी पुरावा गोळा करा

भाचा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आराखड्याचं फोटोसारखं चित्र कॉम्प्युटरकडून काढून घेणं, म्हणजे रेंडर करणं, हे त्याचं रोजचं काम. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मामा, रेंडर लावला की स्क्रीन काळी होते आणि पंखे किंचाळायला लागतात. दुकानवाल्याने दोनदा विंडोज टाकून दिलं, रॅमही बदलली. तरी तेच."

कॉम्प्युटर बंद पडला की आपल्याकडे पहिलं औषध ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारावा लागेल." ते लागू पडलं नाही की रॅम, मग हार्ड डिस्क. स्क्रीनवरचं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डापर्यंत कुणी लवकर पोचत नाही, कारण ते कॅबिनेटमधला सगळ्यात महाग भाग असतं आणि त्याला दोष देण्याची हिंमत होत नाही. दुसऱ्या टोकाला यूट्यूब बघून थेट "कार्ड गेलं" म्हणणारेही आहेतच. भाच्याच्या बाबतीत शेवटी कार्डच निघालं, पण ते ठरवायला एक अख्खा रविवार लागला. त्या रविवारी ज्या क्रमाने गेलो, तोच क्रम इथे देतोय. नियम एकच पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदललं की वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कधीच कळत नाही.

कशालाही हात लावण्याआधी कामाच्या फाइल्सची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. खराब कार्ड फाइल्स खात नाही, पण कॉम्प्युटर असा धाडकन बंद पडत राहिला तर कधी तरी एखादी फाइल अर्धवट लिहिली जाते.

कसा बंद पडतो, ते बघा

"बंद पडतो" एवढ्याने काम भागत नाही. डॉक्टर "दुखतं" ऐकून "कुठे, कधी, कसं" विचारतात, तसंच इथे.

स्क्रीन काळी झाली पण गाणं किंवा कॉलवरच्या माणसाचा आवाज चालूच राहिला, तर प्रोसेसर आणि विंडोज जिवंत आहेत. गडबड कार्ड, त्याचा ड्रायव्हर (कार्ड आणि विंडोज यांना जोडणारं सॉफ्टवेअर) किंवा केबल यांपैकी कुठे तरी आहे. स्क्रीन काळी आणि कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने, तर कार्डाने मान टाकलेली असते. उष्णता, वीजपुरवठा किंवा खुद्द कार्ड यांवर संशय घ्या. दिवा विझावा तसा कॉम्प्युटर क्षणात पूर्ण बंद झाला, तर आधी एसएमपीएसकडे, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडे, बघा. आणि स्क्रीनवर रंगीत ठिपके, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, गेममधल्या माणसांच्या अंगातून बाहेर आलेले लांबलचक त्रिकोण दिसत असतील, तर बहुधा कार्डावरची मेमरी आजारी आहे.

पाचवा एक प्रकार फसवा आहे. स्क्रीन दोन-तीन सेकंद गोठते, काळी होते आणि पुन्हा सगळं सुरळीत. हे विंडोज मुद्दाम करतं. व्हिस्टापासून विंडोजमध्ये टीडीआर नावाची व्यवस्था आहे: दिलेलं काम कार्डाने २ सेकंदांत हातावेगळं केलं नाही, तर विंडोज ते अडकलं असं समजून ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. तो सुरू झाला तर तुम्हाला फक्त उचकी दिसते. नाही झाला तर निळी स्क्रीन, आणि तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' हे शब्द. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत, जाऊन ही २ सेकंदांची मुदत वाढवा, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. जड रेंडरिंगमध्ये कार्ड धडधाकट असूनही वेळ लागत असेल तर त्याचा उपयोग होतो. कार्डच खराब असेल तर तुम्ही फक्त जास्त वेळ गोठलेली स्क्रीन बघत बसाल.

स्क्रीन काळी पडून आवाज चालू असेल तर रिसेट दाबण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून बघा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, एक बीप येतो आणि नशीब असेल तर चित्र परत येतं. आलंच तर आधी काम सेव्ह करा.

विंडोजची डायरी वाचा

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' समोर येतं. त्यात दिवसवार आलेख आणि लाल फुल्या असतात. पहिली फुली कोणत्या तारखेची आहे आणि त्याच्या आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं, एवढंच बघा. नवा ड्रायव्हर किंवा विंडोज अपडेट आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फुल्या सुरू झाल्या असतील, तर स्क्रू ड्रायव्हर शोधायची घाई नको.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टीम'. ४१ नंबरची कर्नल-पॉवर ही नोंद बघून लोक घाबरतात. तिचा अर्थ फक्त "मागच्या वेळी मला नीट बंद केलं नाही" एवढाच. का, ते ती सांगत नाही. आपल्याला हवी ती तिच्या अगोदरच्या मिनिटातली नोंद. ४१०१ नंबर आणि 'डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पाँडिंग' असे शब्द दिसले, तर माग बरोबर लागलाय. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं नाव तिथे एनव्हीएलडीडीएमकेएम असं येतं, एएमडीचं एएमडीकेएमडीएजी किंवा जुन्या कार्डांवर एटीआयकेएमडीएजी. भाच्याच्या डायरीत अशा १४ नोंदी सापडल्या, सगळ्या रेंडर सुरू केल्यानंतरच्या. दोन्ही फॉरमॅटच्या वेळी कुणी हे पान उघडलं नव्हतं.

चित्र कार्डात बिघडतंय की वाटेत?

स्क्रीनवर ठिपके किंवा रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल तर कार्डाने ते नीट काढलं होतं, वाटेत बिघडलं. म्हणजे केबल, पोर्ट किंवा मॉनिटर. केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा, घरातल्या टीव्हीला जोडून बघा. स्क्रीनशॉटमध्येही ठिपके असतील तर दोष कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये.

मग त्या दोघांत फरक कसा करायचा? कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जा. तिथे विंडोजही नसतं आणि त्याचा ड्रायव्हरही नसतो. त्या स्क्रीनवरही रेघा दिसत असतील तर विंडोजवर खापर फोडून उपयोग नाही. बायोस स्वच्छ दिसला तर उबंटू ही विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम पेन ड्राइव्हवर टाकून, इन्स्टॉल न करता, थेट त्यावरून कॉम्प्युटर चालू करा आणि तासभर व्हिडिओ वगैरे बघा. तिथेही तसंच झालं तर हार्डवेअर. भाच्याच्या कॉम्प्युटरवर उबंटूत २० मिनिटांनी हिरवे चौकोन उमटले. तिसरा फॉरमॅट वाचला.

ड्रायव्हर धुऊन पुसून टाका

जुन्यावर नवा ड्रायव्हर चढवला की जुन्याचे अवशेष मागे राहतात. त्यासाठी डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, हे फुकट साधन आहे. आधी तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवा. मग इंटरनेट तोडा; वायर काढा किंवा वायफाय बंद करा, नाहीतर तुम्ही साफ करताय तोवर विंडोज स्वतःच्या मनाने भलताच ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने सेफ मोडमध्ये (त्यात विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर चालतं) जा आणि तिथे डीडीयू चालवा.

इथे एक खड्डा आहे. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरवर डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर आपोआप चालू असतं आणि सेफ मोडमध्ये जाताना ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये असते. आधी बघून कागदावर उतरवून घ्या.

सगळ्यात नवा ड्रायव्हर सगळ्यात चांगला, असंही नाही. २०२५च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्या नव्या ड्रायव्हरांमुळे काळ्या स्क्रीनच्या एवढ्या तक्रारी आल्या की कंपनीला पाठोपाठ हॉटफिक्स, म्हणजे तातडीच्या दुरुस्त्या, काढाव्या लागल्या. तुमचा त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर चार-सहा महिने जुना ड्रायव्हर टाकून बघा.

आणि सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर नीट चालला म्हणून "ड्रायव्हरच खराब" असा निकाल देऊ नका. तिथे कार्डाला जवळजवळ कामच नसतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचा गुडघा दुखत नाही, तो जिना चढताना दुखतो.

कार्ड, प्रोसेसर किंवा रॅम ओव्हरक्लॉक केलेली, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेली, असेल तर याच पायरीवर सगळं मूळ सेटिंगवर आणा. बायोसमधलं रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो हेसुद्धा ओव्हरक्लॉकच आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

उष्णता

एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका आणि गेम किंवा रेंडर चालू असताना आकडे बघा. कामात असलेलं कार्ड ६५ ते ८० अंश सेल्सिअस दाखवत असेल तर ठीक. सतत ८५च्या वर राहिलं तर हवा नीट खेळत नाही. हॉटस्पॉट म्हणून आणखी एक आकडा असतो, चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा. तो मुख्य तापमानापेक्षा १०-२० अंशांनी जास्त असणारच. फरक ३०च्या पुढे गेला तर चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असावी.

हे आकडे बाहेरच्या हवेवर चढतात, हे आपण विसरतो. खोलीत २५ अंश असताना ७५ दाखवणारं कार्ड मे महिन्यात नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ९०च्या घरात जातं. "हिवाळ्यात चांगला चालत होता" या तक्रारीचं गूढ बहुतेक वेळा इथेच असतं.

धूळ काढायची तर ब्लोअर वापरा, पण पंख्याच्या पात्याला बोट लावून ते धरून ठेवा. ब्लोअरच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलं असेल तर आधी ते बाहेर काढा. फुकटात पाच-सात अंश कमी होतात. थर्मल पेस्ट बदलायला कार्ड उघडावं लागतं, आणि वॉरंटी चालू असेल तर तो उद्योग करू नका.

एसएमपीएसची चौकशी

कार्डाच्या खालोखाल, कधी तर कार्डाच्या आधी, गुन्हेगार असतो तो एसएमपीएस. आपल्याकडे लोक कार्डावर तीस हजार घालतात आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, म्हणजे "५०० वॅट" असं नुसतं स्टिकर असलेला. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनांच्या वायरीतून आणखी ७५, ८ पिनांच्या वायरीतून १५०. शिवाय काम सुरू होताना कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. तो झटका एसएमपीएसला सोसला नाही की कॉम्प्युटर विझतो. आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं कार्ड, पण त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगितला जातो, तो बाकीच्या कॉम्प्युटरची वीज आणि असे झटके धरून.

कार्डाला ८ पिनांची दोन सॉकेट असतील तर एकाच वायरीची दोन टोकं दोन्हीत खुपसू नका, एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी आणा. १६ पिनांचं नवं सॉकेट असेल तर खटका बसेपर्यंत आत दाबा. २०२२च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० कार्डांची ही सॉकेट वितळल्याच्या बातम्या आल्या. जवळपास ५० प्रकरणं आल्याचं एनव्हिडियाने सांगितलं आणि वायर पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण दिलं. प्लास्टिक तपकिरी झालेलं किंवा जळका वास आला तर पुढचा तपास बंद, कॉम्प्युटर बंद.

घराच्या विजेकडेही बघा. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे सर्रास असतं. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. जुना चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर काही एसएमपीएसना झेपत नाही. वीज गेल्यावरच कॉम्प्युटर बंद पडत असेल तर कार्डाला उगाच बदनाम करू नका.

कार्ड काढा, पुसा, बसवा

स्विच बंद करा, वायर काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. कार्डाचा मागचा स्क्रू सोडवा, स्लॉटच्या टोकाचा छोटा खटका दाबा आणि कार्ड सरळ वर उचला. खटका न दाबता ओढून स्लॉटच मोडलेले मी दोन बघितलेत.

कार्डाचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि रबराचा चुरा ब्रशने झटका. हा आपल्या मेकॅनिक मंडळींचा रॅमवरचा जुना उपाय, पण कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत तो कार्डावरही गुण देतो. स्लॉटमध्ये पालीची किंवा मुंग्यांची घरं नाहीत ना, तेही बघा. हसू नका, निघतात. कार्ड परत बसवताना खटका 'टक' वाजला पाहिजे. जड कार्ड एका बाजूने लोंबत असेल तर खालून टेकू द्या.

मुद्दाम ताण द्या

आता कार्डाला रडवायचं. फरमार्क हे ताण देणारं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा, नजर तापमानावर ठेवा, ९० दिसलं की थांबवा. ओसीसीटी या सॉफ्टवेअरमध्ये व्हीआरॅमची, म्हणजे कार्डावरच्या मेमरीची, वेगळी चाचणी आहे. तिथे एकही चूक निघाली तरी कार्ड संशयित न राहता आरोपी होतं. भाच्याच्या कार्डाने चार मिनिटांत शेकड्याने चुका दाखवल्या.

चाचणीत कार्ड कोसळत असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा, ७० टक्क्यांवर आणा आणि पुन्हा तेच करा. आता टिकलं, तर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही किंवा पूर्ण ताकद सोसत नाही. एसएमपीएस दुसरा लावून हा शेवटचा गुंता सोडवता येतो.

दुसऱ्या घरात

सगळ्यात पक्का पुरावा हाच. तुमचं कार्ड मित्राच्या कॉम्प्युटरवर लावा आणि त्याचं तुमच्यावर. दुखणं कार्डाबरोबर त्याच्या घरी गेलं तर निकाल लागला. तुमच्याकडेच राहिलं तर एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर यांच्याकडे वळा. मित्राचा एसएमपीएस तुमच्या कार्डाला पुरेल ना, हे मात्र आधी बघा. मैत्री टिकवायची आहे.

दुसरं कार्ड नसेल तर आपलं काढून मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावून चालवा. त्यासाठी प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असावं लागतं. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर ते नसतं. डेस्कटॉप रायझन ५००० मालिकेत नावात जी असेल तरच असतं, ७००० मालिकेत एफ सोडून जवळपास सगळ्यांत असतं.

कार्डावर नाहक आळ येण्याचं एक मोठं उदाहरण अलीकडचं आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या तगड्या प्रोसेसरांवर गेम "व्हिडिओ मेमरी संपली" असं सांगून बंद पडायचे. लोकांनी कार्डं बदलली. दोष प्रोसेसरचा होता, त्याला जास्त व्होल्टेज जात होतं. इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट, जो बायोसमधून येतो) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे यातला आय७ किंवा आय९ असेल तर बायोस अपडेट केल्याशिवाय कार्डावर बोट ठेवू नका.

कार्डच गेलं असेल तर

बिल शोधा, कार्डावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा आणि दोष दिसतानाचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. सर्व्हिस सेंटरवाला पाच मिनिटं लावून "इथे तर चालतंय" म्हणतो, तेव्हा तो व्हिडिओ आणि ओसीसीटीचा फोटो उपयोगी पडतो. स्क्रूवरचं स्टिकर फाडलेलं नसावं. दुकानदार "आरएमएला टाकलंय" (वॉरंटीत बदलायला कंपनीकडे पाठवलंय) म्हणून महिनोन्‌महिने टोलवत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

वॉरंटी संपली असेल तर "चिप गरम करून देतो, हजार रुपये" असं सांगणारे भेटतील. ओव्हनमध्ये कार्ड भाजण्याचे व्हिडिओही आहेत. यामागे थोडं तथ्य आहे, म्हणून ते धोक्याचं. चिप आणि तिच्या खालची पट्टी यांना जोडणारे सोल्डरचे बारीक ठिपके तापून-थंडावून तडकतात. गरम केल्यावर काही काळ पुन्हा टेकतात. २००८मध्ये लॅपटॉपमधल्या चिपांच्या अशाच बिघाडासाठी एनव्हिडियाने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती, आणि तेव्हापासून हा भाजण्याचा नुस्खा पसरला. भाजलेलं कार्ड काही आठवडे चालतं, मग पुन्हा जातं. आणि ज्या ओव्हनमध्ये केक करता त्यात सोल्डर वितळवू नये, हे वेगळं सांगायला नको. पंखा बदलणं, पेस्ट बदलणं, एखादा जळालेला कपॅसिटर बदलणं ही दुरुस्ती मात्र करण्यासारखी आहे.

सेकंडहँड घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर कार्ड तिथेच लावून, वर सांगितलेली व्हीआरॅमची चाचणी दहा मिनिटं चालवून मगच पैसे द्या. जो विक्रेता ती चालवू देत नाही, त्याच्याकडे चहा प्या आणि निघा.

भाच्याच्या कार्डाची वॉरंटी सात महिने शिल्लक होती. तीन आठवड्यांनी बदलून आलं. तोवर त्याने प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर, रात्री रेंडर लावून आणि सकाळी उठून बघत, सबमिशन पूर्ण केलं. दुकानवाल्याने विकलेली रॅम मात्र त्याने परत दिली नाही. म्हणतो, १६ जीबीपेक्षा ३२ बरी.